उतरत्या वयाच्या खेळाडूचा स्काउटिंग अहवाल कसा वाचावा? : आउट ऑफ द पार्क बेसबॉल

तलावपाळीकर :

नमस्कार मंडळी. बेसबॉल संघ चालवण्याच्या या संगणकीय खेळातल्या, ठाणे आणि नवी मुंबईतल्या आपल्या ऑनलाइन लीगचा हंगाम संपला आहे आणि रविवारी रात्री पुढचा सिम (संगणकाने खेळ पुढे चालवणे) होण्याआधी मला दोन करारांचा निर्णय घ्यायचा आहे, म्हणून हा धागा काढत आहे. पहिला खेळाडू म्हणजे माझ्या संघाचा पहिल्या बेसवरचा ३४ वर्षांचा बॅटर. माझ्या स्काउटिंग संचालकाच्या ताज्या अहवालानुसार २० ते ८० च्या मोजपट्टीवर त्याची पॉवर (लांब फटक्यांची ताकद) ६५, आय (चेंडू पारखण्याची नजर) ६० आणि कॉन्टॅक्ट (चेंडूला बॅट लावण्याचे कौशल्य) ४५ आहे. गेल्या वर्षीच्या अहवालात कॉन्टॅक्ट ५० होता. त्याला तीन वर्षांचा करार हवा आहे. दुसरा खेळाडू ३६ वर्षांचा डावखुरा पिचर (चेंडू फेकणारा) आहे. त्याचे स्टफ (चेंडूंची भेदकता) ४५, मूव्हमेंट (होमरन टाळण्याचे कौशल्य) ५५ आणि कंट्रोल (अचूकता) ६५ असून तो एका वर्षाच्या करारावर राजी होईल असे दिसते.

अडचण अशी की खेळातली तटस्थ स्काउटिंग संस्था, म्हणजे ओएसए, बॅटरचा कॉन्टॅक्ट अजूनही ५० दाखवते. ड्राफ्टमधल्या (नव्या खेळाडूंच्या निवडीतल्या) कोवळ्या मुलांचे अहवाल कसे वाचावेत यावर आपल्याकडे भरपूर चर्चा झाली आहे. वय झालेल्या खेळाडूचा अहवाल नेमका कशासाठी वाचायचा आणि त्यावर किती वर्षांचा पैसा लावायचा, हे मात्र कोणी नीट मांडलेले नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

पामबीच :

तरुण खेळाडूच्या अहवालात दोन आकडे असतात. तो आज कसा आहे हे एक सांगतो आणि तो कुठवर पोहोचू शकेल हे दुसरा सांगतो. ड्राफ्टच्या वेळी आपण जी काही हुशारी दाखवतो ती या दोन आकड्यांमधल्या अंतरावर. खेळाडू तिशी ओलांडतो तसतसा हा क्षमतेचा आकडा सध्याच्या आकड्याला येऊन मिळतो आणि मग अहवालात पुढच्या काळाविषयी बोलणारा रकानाच उरत नाही. तुमच्या बॅटरचा अहवाल कितीही अचूक असला, संचालक कितीही नावाजलेला असला आणि स्काउटिंगवर कितीही खर्च केलेला असला, तरी त्या कागदावर फक्त आजची तारीख आहे. तो माणूस ३६ व्या वर्षी कसा खेळेल, हे त्यात कुठेही लिहिलेले नाही; खेळाच्या इंजिनालाही ते आधी ठाऊक नसते, कारण घसरणीचा बराचसा भाग पुढे पडणाऱ्या फाशांवर सोडलेला असतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : वय झालेल्या खेळाडूचा अहवाल हा पुढच्या एका हंगामाची किंमत ठरवण्यासाठी वाचावा. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची किंमत अहवालावरून ठरत नाही; ती वयाच्या सर्वसाधारण वक्रावरून आणि तुमच्या संघाला किती धोका परवडतो त्यावरून ठरते. लोक एकच कागद हातात धरून तिन्ही वर्षांची रक्कम लिहून मोकळे होतात, आणि करारांच्या ओझ्याखाली दबलेले संघ तिथेच तयार होतात.

वाशी_सेक्टर_सतरा :

अहवाल बाजूला ठेवा आणि मागच्या हंगामांची आकडेवारी पाहा. होमरन येत आहेत ना? मग स्काउटला काय वाटते याची चिंता कशाला?

नेरूळवासिनी :

वाशीकर, आकडेवारी पाहावी हे मान्य, पण कोणती हे महत्त्वाचे आहे. त्याआधी तलावपाळीकरांच्या ५० आणि ४५ या आकड्यांविषयी लिहिते, कारण ते दोन आकडे पाहून घाबरण्याचे कारण मला दिसत नाही.

आपल्या लीगमध्ये रेटिंग पाचाच्या टप्प्याने दिसतात. आतला खरा आकडा त्याहून बारीक असतो आणि पडद्यावर येताना तो जवळच्या टप्प्यावर बसवला जातो. म्हणजे जो खेळाडू आतून सीमारेषेच्या जरासा वर होता तो जरासा खाली आला, तरी आपल्याला पूर्ण पाच गुणांची घसरण दिसते. त्यावर स्काउटची चूक मिसळते. आपल्याकडे स्काउटिंगची अचूकता शंभर टक्के ठेवलेली नाही, त्यामुळे प्रत्येक अहवालात थोडी धूसरता असतेच. २० ते ८० च्या पट्टीवर ५० म्हणजे मेजर लीगची (सर्वोच्च पातळीची) सरासरी, आणि दहा गुण हे साधारणपणे एक प्रमाण विचलन मानले जाते. त्या हिशेबाने पाच गुणांचा फरक हा अर्धे विचलन. एका अहवालातला एवढा फरक खऱ्या घसरणीचा असू शकतो, आकडा टप्प्यावर बसवल्याचा असू शकतो किंवा निव्वळ स्काउटच्या नजरेचाही असू शकतो, आणि एकाच अहवालावरून हे तिन्ही वेगळे काढता येत नाहीत. तुमचा संचालक आणि ओएसए यांच्यात मतभेद आहे यावरूनच कळते की खरा आकडा बहुधा त्या दोहोंच्या सीमेपाशी आहे.

आता आकडेवारी. प्रत्यक्ष बेसबॉलमध्ये रसेल कार्लटन या विश्लेषकाने कोणता आकडा किती संधींनंतर विश्वासार्ह होतो याचा अभ्यास केला होता. त्यानुसार स्ट्राइकआउटचे (तीन स्ट्राइकवर बाद होण्याचे) प्रमाण साधारण ६० प्लेट अपिअरन्सेसमध्ये (बॅटिंगच्या संधींमध्ये) आणि वॉकचे (चार चुकीच्या चेंडूंवर पहिला बेस मोफत मिळण्याचे) प्रमाण साधारण १२० मध्ये बऱ्यापैकी स्थिर होते. बॅटिंग सरासरीला मात्र ९०० हून अधिक ॲट-बॅट (वॉक वगैरे वगळून मोजलेल्या संधी) लागतात, म्हणजे दीड हंगामाचा खेळ. आपला खेळही पिचर-बॅटरच्या प्रत्येक लढतीचा निकाल रेटिंगांवरून आणि योगायोगावरून काढतो, त्यामुळे इथेही तोच क्रम लागू पडतो. तेव्हा तुमच्या बॅटरची सरासरी किती पडली हे विसरा. त्याचे स्ट्राइकआउट वाढले आहेत का, आणि वॉक कमी झाले आहेत का, हे महिन्यागणिक पाहा. स्ट्राइकआउट स्थिर असतील तर मी ओएसएवर विश्वास ठेवेन. हंगामाच्या उत्तरार्धात ते चढत गेले असतील तर तुमच्या संचालकाला मानेन.

तलावपाळीकर :

आभारी आहे. आताच पडताळले. उत्तरार्धात स्ट्राइकआउट वाढले आहेत, पण फार नाही. वॉक जसेच्या तसे आहेत. ओएसएचा अहवाल हंगामाच्या मध्यावरचा आहे, माझ्या संचालकाचा हंगाम संपल्यावरचा.

पामबीच :

मग तो मतभेद नसून दोन वेगळ्या तारखांची नोंद असू शकते. ज्या वयात घसरण सुरू असते त्या वयात अहवालाची तारीख ही रेटिंगाइतकीच महत्त्वाची असते. बावीस वर्षांच्या मुलाचा सहा महिने जुना अहवाल चालून जातो, चौतिशीच्या माणसाचा चालत नाही.

नौपाडा_जुना :

आमच्यासारख्या स्ट्रॅट-ओ-मॅटिकवाल्यांना ही गंमत बघायला मजा येते. १९६१ पासूनच्या त्या पत्त्यांच्या खेळात स्काउट नाही आणि संशयही नाही. खेळाडूने गेल्या हंगामात जे केले ते पत्त्यावर छापून येते आणि तो म्हातारा झाला की नाही हे पुढच्या वर्षीचा पत्ता सांगतो. तुम्ही लोकांनी अनिश्चितता विकत घेतली आहे, आता तिची तक्रार करू नका.

ऐरोली_कमिशनर :

काही तांत्रिक बाबी लीगचा व्यवस्थापक म्हणून सांगतो, म्हणजे अंदाजांना जागा राहणार नाही. लीगच्या रचनेत बॅटर आणि पिचर यांच्या वार्धक्याचा वेग वेगवेगळा ठरवता येतो. आपण दोन्ही मूळ मूल्यांवरच ठेवले आहेत. प्रतिभेतील आकस्मिक बदलांचे प्रमाणही बदललेले नाही. दुसऱ्या एखाद्या लीगमध्ये चाळिशीतले बॅटर सर्रास खेळताना तुम्ही पाहिले असतील, तर तिथल्या व्यवस्थापकाने हा वेग कमी केलेला असू शकतो. तिथला अनुभव इथे आणू नये.

दुसरे असे की स्काउटिंगचा पैसा मेजर लीग, मायनर लीग (खालच्या पातळीचे संघ), आंतरराष्ट्रीय आणि हौशी अशा चार वाटांनी जातो. जे संघ सगळा पैसा ड्राफ्ट आणि आंतरराष्ट्रीय मुलांकडे वळवतात, त्यांचे मेजर लीगमधल्या जुन्या खेळाडूंविषयीचे अहवाल साहजिकच कच्चे असतात. स्काउटिंग संचालकाचा कल ‘टूल्स’कडे (अंगभूत क्षमतेकडे) आहे की प्रत्यक्ष कौशल्याकडे, हेही पाहावे. आणि संगणकाने चालवलेले संघ खेळाडूचे मोल ठरवताना रेटिंग आणि गेल्या काही हंगामांची आकडेवारी यांचे मिश्रण वापरतात, त्यामुळे नाव मोठे आणि मागचे हंगाम चांगले असलेल्या खेळाडूला रेटिंग घसरल्यानंतरही काही काळ बाजारभाव मिळतो. विकायचे असेल तर तोच काळ.

वाशी_सेक्टर_सतरा :

इथे सगळे म्हाताऱ्या खेळाडूंची शोकसभा भरवल्यासारखे लिहीत आहेत. डेव्हिड ऑर्टिझने २०१६ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, .३१५ ची सरासरी राखली, ३८ होमरन आणि ४८ डबल्स (दोन बेसचे फटके) मारले, आणि त्याच हंगामानंतर निवृत्ती घेतली. नेल्सन क्रूझने २०१९ मध्ये ४१ होमरन मारले. हंगामाच्या मध्यावर तो ३९ वर्षांचा झाला होता. पॉवर आणि आय असलेला बॅटर टिकतो, पळणारा आणि झेल पकडणारा टिकत नाही. तलावपाळीकरांचा बॅटर नेमका पहिल्या प्रकारातला आहे.

नेरूळवासिनी :

ऑर्टिझ आणि क्रूझ आपल्याला आठवतात, कारण ते टिकले. जे टिकले नाहीत ते यादीतच नाहीत. हा केवळ बोलण्यातला मुद्दा नसून या खेळात प्रत्यक्ष फसवणारी गोष्ट आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

आपल्या लीगमधल्या ३७ वर्षांवरच्या सर्व बॅटरांची यादी काढा आणि त्यांची सरासरी कामगिरी पाहा. ती लीगच्या सरासरीच्या आसपास किंवा वरही दिसेल. त्यावरून वाटते की वयाने फारसे बिघडत नाही. प्रत्यक्षात या वयापर्यंत संघात राहण्यासाठी मुळात खूप वर असावे लागते, आणि ज्यांची रेटिंग कोसळली त्यांना संघांनी सोडून दिले, ते मायनरमध्ये गेले किंवा निवृत्त झाले. यादीत उरलेले हे गाळणीतून उरलेले लोक आहेत. योग्य पद्धत अशी की ३३ व्या वर्षी तुमच्या बॅटरसारखी रेटिंग असलेले सगळे खेळाडू लीगच्या इतिहासातून काढायचे, आणि ३४, ३५, ३६ व्या वर्षी त्यांचे काय झाले ते पाहायचे. जे लीगबाहेर गेले त्यांना शून्य देऊन मोजायचे, वगळायचे नाही. लीगचा जुना इतिहास साठवलेला आहे, एका संध्याकाळचे काम आहे.

पॉवर आणि आय असलेला बॅटर टिकतो, या विधानाच्या अगदी उलटही ऐकायला मिळते. बेसबॉल विश्लेषक बिल जेम्स यांनी ज्यांना म्हाताऱ्या खेळाडूंची कौशल्ये म्हटले ती हीच आहेत : होमरन, वॉक, कमी सरासरी आणि मंद पाय. ज्याच्याकडे तरुणपणीच हीच कौशल्ये असतात त्याच्याकडे उतारवयात मागे हटायला जागा नसते, असा त्यांचा तर्क होता. रायन हॉवर्डचे उदाहरण घ्या. २००६ मध्ये त्याने ५८ होमरन मारून एमव्हीपीचा (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा) मान मिळवला. एप्रिल २०१० मध्ये त्याला पाच वर्षांसाठी १२.५ कोटी डॉलरचा वाढीव करार मिळाला आणि तो लागू होणार होता २०१२ पासून. करार लागू होण्याआधीच, २०११ च्या प्लेऑफमधल्या शेवटच्या आउटवर, त्याच्या टाचेची शीर तुटली, आणि पुढे एकाही हंगामात तो ३० होमरनांपर्यंत पोहोचला नाही.

वाशी_सेक्टर_सतरा :

दुखापत आणि वार्धक्य या वेगळ्या गोष्टी आहेत, ताई.

नेरूळवासिनी :

खऱ्या जगात असतील. या खेळात मोठी दुखापत रेटिंग खाली आणू शकते आणि तिशीच्या पुढे ती परत मिळण्याची आशा कमी असते. करार करणाऱ्याला फरक काय पडतो? म्हणूनच अहवालाच्या पानावर दुखापतीकडे किती कल आहे ते लिहिलेले असते, आणि माझ्या मते वयस्कर खेळाडूच्या बाबतीत ती ओळ पॉवरच्या आधी वाचावी.

पामबीच :

हॉवर्डपेक्षा मला अल्बर्ट पुहोल्स अधिक उपयोगी वाटतो, कारण तिथे आकड्यांमध्ये खूण दिसत होती. सेंट लुईसमधल्या ११ हंगामांत त्याने ४४५ होमरन मारले आणि त्याची सरासरी .३२८ होती. डिसेंबर २०११ मध्ये एंजल्सने त्याला दहा वर्षांसाठी २४ कोटी डॉलर दिले, तेव्हा तो ३२ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर होता. २०११ चे त्याचे ३७ होमरन सगळ्यांना दिसले. पण २०१० मध्ये १०३ असलेले त्याचे वॉक २०११ मध्ये ६१ वर आले होते. त्यातला मोठा भाग प्रतिस्पर्ध्यांनी मुद्दाम दिलेले वॉक कमी झाल्याचा होता हे खरे, तरी ते वगळूनही घट राहतेच. पुढे एंजल्समध्ये त्याची सरासरी .२५६ राहिली आणि करार संपण्याआधी, मे २०२१ मध्ये, त्याला सोडून देण्यात आले. त्याच माणसाने २०२२ मध्ये, ४२ व्या वर्षी, २४ होमरन मारून ७०३ वर कारकीर्द संपवली. आता सांगा, २०२१ चा कुठला अहवाल ते २४ होमरन सांगू शकला असता?

आणखी एक हिशेब. विश्लेषक टॉम टँगो यांची ‘मार्सेल’ ही अगदी साधी अंदाजपद्धत आहे. तीत मागच्या तीन हंगामांना ५, ४, ३ असे वजन देतात, सरासरीकडे थोडे खेचतात आणि २९ नंतरच्या प्रत्येक वर्षासाठी फक्त ०.३ टक्के कापतात. म्हणजे ३४ वर्षांच्या बॅटरसाठी वयाची कपात दीड टक्का. इतकी कमी पाहून अनेकांना वाटते की वय म्हणजे किरकोळ बाब. पण ती सरासरी आहे. शंभर बॅटरांपैकी बरेच जण जवळपास तसेच राहतात आणि काही थेट कोसळतात. दोहोंची सरासरी काढली की एक सौम्य उतार दिसतो, जो प्रत्यक्षात फारसा कोणी उतरत नाही. घसरण जिन्यासारखी असते, पायरी कधी येणार ते दिसत नाही. एका वर्षाच्या करारात पायरी आली तर एक वर्ष वाया जाते. तीन वर्षांच्या करारात ती पहिल्याच वर्षी आली तर उरलेली दोन वर्षे तुम्ही रिकाम्या खुर्चीचे भाडे भरता.

उपवन_किनारा :

पिचरविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. मला तलावपाळीकरांचा डावखुरा बॅटरपेक्षा अधिक आवडला.

वयस्कर पिचरच्या अहवालात मी सर्वप्रथम वेग पाहतो. खेळात तो मैलांच्या पल्ल्यात दिलेला असतो आणि तो एक टप्पा खाली आला की बहुधा स्टफही खाली येते. कंट्रोल सहसा उशिरापर्यंत साथ देतो. त्यामुळे आधीपासूनच वेगावर न जगणारा पिचर वयाला अधिक चांगले तोंड देतो, असे माझे मत आहे. जेमी मोयर एप्रिल २०१२ मध्ये ४९ वर्षे १५१ दिवसांचा असताना जिंकला, तो मेजर लीगमधला सर्वांत वयस्कर विजेता पिचर ठरला, आणि त्याचा वेग आजच्या मानाने हसण्यासारखा होता. आर. ए. डिकीने २०१२ मध्ये ३७ व्या वर्षी नकलबॉलच्या (फिरकीविना हेलकावत जाणाऱ्या संथ चेंडूच्या) जोरावर सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. नियमाला छेद देणारेही आहेत : नोलन रायनने १ मे १९९१ रोजी ४४ व्या वर्षी आपला सातवा नो-हिटर (एकही हिट न देता पार पडलेला सामना) टाकला तो वेगावरच, आणि जस्टिन व्हर्लँडरने कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर २०२२ मध्ये ३९ व्या वर्षी १.७५ ईआरए (नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी) राखून साय यंग जिंकला. पण करार देताना असे अपवाद हाताशी धरू नयेत.

तुमच्या डावखुऱ्याचे स्टफ ४५ आहे, म्हणजे तो स्ट्राइकआउटवर जगत नाही. त्याला मागे चांगली फील्डिंग लागेल. तुमच्या शॉर्टस्टॉपची (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाची) रेंज, म्हणजे चेंडू गाठण्याचा आवाका, कशी आहे ते आधी पाहा. ती ढासळलेली असेल तर या पिचरचा अहवाल कितीही चांगला असला तरी तुमच्या संघात तो वाईट दिसेल. स्टॅमिना उतरला तर त्याला बुलपेनमध्ये (नंतर उतरणाऱ्या राखीव पिचरांमध्ये) न्या. थोड्या डावांत स्टफ अधिक परिणामकारक ठरते, आणि सुरुवातीच्या पिचरला लागतो तसा तिसरा भरवशाचा चेंडूही लागत नाही.

तलावपाळीकर :

शॉर्टस्टॉप ३३ वर्षांचा आहे. रेंज दोन अहवालांत सलग खाली आली आहे, हात मात्र अजून मजबूत आहे.

उपवन_किनारा :

मग त्याला तिसऱ्या बेसवर न्या. वयस्कर खेळाडूच्या फील्डिंगचा अहवाल वाचायचा तो एवढ्यासाठीच की आता कुठे हलवायचे. कॅल रिपकन १९९७ मध्ये शॉर्टस्टॉपवरून तिसऱ्या बेसवर कायमचा गेला, अर्नी बँक्स १९६२ मध्ये पहिल्या बेसवर. रेंज गेली आणि हात शाबूत असला तर तिसरा बेस. हातही गेला तर पहिला. मात्र नव्या जागेचे रेटिंग खेळून कमवावे लागते, म्हणून हे काम स्प्रिंग ट्रेनिंगपासूनच सुरू करा, जुलैत गरज पडेल तेव्हा नको.

तलावपाळीकर :

सर्वांचा सल्ला वाचून असे ठरवले आहे. डावखुऱ्याला एका वर्षाचा करार. शॉर्टस्टॉप तिसऱ्या बेसवर, आणि मायनरमधल्या मुलाला शॉर्टस्टॉपची संधी. बॅटरला एक वर्ष पक्के, थोडी अधिक रक्कम, आणि दुसऱ्या वर्षाचा पर्याय संघाच्या हातात. नेरूळवासिनी यांनी सांगितल्याप्रमाणे लीगच्या इतिहासातून त्याच्यासारखे बॅटर काढून पाहिले. ३६ व्या वर्षी नियमित खेळणारे निम्म्याहून कमी निघाले. तीन वर्षे देणे मला शक्य नाही.

पामबीच :

योग्य. तो नाकारेल, पण योग्य.

वाशी_सेक्टर_सतरा :

नाकारेलच, कारण मी त्याला तीन वर्षे देणार आहे. वरचे सगळे वाचले आणि बहुतेक पटलेही. तरी माझा हिशेब वेगळा आहे. माझे दोन्ही मुख्य पिचर पुढच्या हंगामानंतर फ्री एजंट (करारमुक्त) होत आहेत आणि त्यांना पुन्हा करारबद्ध करायला माझ्याकडे पैसा नाही; मला जिंकायचे असेल तर पुढच्याच वर्षी. पामबीच म्हणतात तसा हा अहवाल एका वर्षापुरताच खरा असेल, तर मला त्यातले तेवढेच एक वर्ष हवे आहे. उरलेल्या दोन वर्षांचे भाडे मी भरीन. डीएचची (फक्त बॅटिंग करणाऱ्याची) जागा रिकामी आहे, त्यामुळे त्याला ग्लोव्हही घालावा लागणार नाही. कमिशनरसाहेब, प्रस्ताव रविवारी किती वाजेपर्यंत पाठवायचे?

ऐरोली_कमिशनर :

रात्री नऊ. त्यानंतर आलेला प्रस्ताव पुढच्या सिममध्ये जाईल.